घरातला पडदा आणि घरच्या लाह्या

चित्रपट ही सार्वजनिक करमणूक आहे, अशी सर्वसाधारण समजूत असून ती चुकीची म्हणता यावयाची नाही. तिकीट काढावे, शेकडो अनोळखी माणसांच्या मेळाव्यात जाऊन बसावे, दिवे मालवले जावेत आणि मग सर्वांनी एकाच वेळी हसावे वा डोळे पुसावे, ही त्या करमणुकीची रूढ रीत. परंतु महाराष्ट्रात ह्या कलेचा उगम जेथे झाला ते एक साधे बिऱ्हाड होते. त्या बिऱ्हाडात एक दांपत्य होते, मुलेबाळे होती, पेटती चूल होती, आणि रात्री मेणबत्तीच्या प्रकाशाने उजळणारी एक भिंत होती. आज घरोघरी जो लहानसा पडदा दिसतो त्याची हकीकत सांगावयाची, तर त्या भिंतीपर्यंत मागे जावे लागते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात शेंदूरजनाघाट हे गाव वसले आहे. संत्र्याच्या बागा आणि संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका यांसाठी त्याची ख्याती आहे. अशा गावी दिवसभर बागेत किंवा कचेरीत राबून आलेले एखादे जोडपे रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरच्या पडद्यावर चित्रपट पाहावयास बसते. समोर परातीत मक्याच्या लाह्या असतात. कधी त्यांना संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूड लावलेली असते, कधी त्या जवसाच्या चटणीत घोळलेल्या असतात, तर कधी ठेच्याचा झणका दिलेला असतो. पाहणाऱ्यास हे सारे आधुनिक, किंबहुना परकीय वाटेल. वस्तुतः ह्या दृश्यातील पडदा शंभर वर्षांहून जुना आहे आणि लाही तर त्याहून कितीतरी पुरातन. त्यात नवी गोष्ट एकच, आणि तीच सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. पतिपत्नी शेजारी शेजारी बसून चित्रपट पाहत आहेत, आणि त्या दोघांपैकी एकट्या बाईनेच मध्ये उठून चुलीकडे जावे असा दंडक तेथे राहिलेला नाही. येथवर पोहोचावयास मोठा काळ लागला.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविण्यात आली. प्रवेशमूल्य एक रुपया होते. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले, तेव्हा दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवण्यात आले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी निराळ्या बैठकीची सोय करण्यात आली. त्या काळी ही व्यवस्था उदारपणाचीच समजली गेली असली पाहिजे, कारण तिच्याविना पुष्कळ स्त्रियांना नाट्यगृहाचा उंबरठाही ओलांडता आला नसता. तथापि तिचा एक परिणाम असा झाला की चित्रपट पाहण्याची स्त्रियांची जागा वेगळी, हा प्रघात ह्या देशात चित्रपटाबरोबरच येऊन दाखल झाला.

ह्यानंतर पंधरा वर्षांनी, १९११ सालच्या एप्रिलमध्ये, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस ह्या तंबूवजा चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके आपल्या वडील मुलास घेऊन गेले. पडद्यावर जिवंत जनावरे हिंडताना पाहून मुलगा थक्क झाला आणि घरी येऊन त्याने ती नवलाई आईला सांगितली. घरात कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके पत्नी सरस्वतीबाई व मुले यांना घेऊन पुन्हा तेथे गेले. ईस्टरचे दिवस असल्यामुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट लागला होता. त्या पडद्यावर ख्रिस्ताऐवजी राम आणि कृष्ण दिसू लागले तर, हा विचार फाळक्यांच्या मनात तेथेच उपजला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या कथेत सरस्वतीबाईही त्याच खेळाला हजर होत्या, ही गोष्ट मात्र सांगणाऱ्यांकडून बहुधा निसटते.

त्यानंतरचे वर्ष फाळक्यांनी जवळजवळ वेडाच्या भरात काढले. एक लहानसे यंत्र आणि काही फिती त्यांनी विकत आणल्या. रात्री मेणबत्तीचा प्रकाश बहिर्गोल भिंगातून एकवटून ते भिंतीवर चित्रे पाडीत आणि घरच्यांना दाखवीत. महाराष्ट्रातील एका कुटुंबाने आपल्याच भिंतीवर पाहिलेला हा घरगुती चित्रपट होय. त्यास संगीत नव्हते, कथा नव्हती, आणि तो कोणी विकतही नव्हते. ह्याच्या जोडीला चित्रगृहांतून रोज चार-पाच तास चित्रपट पाहण्याचा क्रम चालूच होता. निद्रेचा अभाव आणि डोळ्यांवरील ताण ह्यांमुळे त्यांची दृष्टी जावयाची वेळ आली. औषधोपचाराने ती वाचली, पण घरातील चीजवस्तू मात्र वाचली नाही; ती एकामागून एक विकली गेली. शेवटी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांस साहाय्य केले, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितीगृहात त्यांनी काम पाहून घेतले, पन्नास पौंडांस विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि त्याबरोबर फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र ह्यांची मागणी नोंदविली, आणि १ एप्रिलला ते परत आले.

येथून पुढची हकीकत दादर येथील त्यांच्या घरात घडते. त्या घराच्या स्वयंपाकघरापासून ती वेगळी काढता येत नाही.

कोरी फीत त्या काळी छिद्रांवाचून येत असे. दातेरी चाकावर ती सरकावी म्हणून दोन्ही कडांना छिद्रे पाडावी लागत, आणि फीत प्रकाशाने खराब होऊ नये म्हणून हे काम अंधारात किंवा अगदी मंद उजेडात करावे लागे. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. त्याचे परिमाण ध्यानात यावे म्हणून थोडे गणित करून पाहावे. एक फूट लांबीच्या फितीस एका कडेने ६४ छिद्रे लागतात. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट सुमारे ३७०० फूट लांबीचा होता. म्हणजे त्याच्या एका प्रतीस दोन्ही कडा मिळून पावणेपाच लाखांच्या घरात छिद्रे झाली; मूळ फीत आणि तिच्यावरून काढलेली प्रत दोन्ही हिशेबात घेतल्यास ती दुप्पट भरतील. यंत्र असले तरी ते चालवावयास हात हवेत. दिवसा हेच हात चित्रपटातील सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत, त्यांचे कपडे धूत, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहत; आणि रात्री पुन्हा रसायने कालविण्यास व छिद्रे पाडण्यास बसत. अंगावरचे दागिने तर त्यांनी भांडवलासाठी आधीच काढून दिले होते.

एक विलक्षण योगायोग येथे सांगण्याजोगा आहे. हरिश्चंद्राची राणी तारामती हिच्या भूमिकेस स्त्री मिळेना. पडद्यावर येण्यास कुलीन स्त्रिया तर नाहीच, पण इतरही कोणी राजी होईना. अखेरीस ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले. घराबाहेरचा आचारी पडद्यावर राणी झाला आणि घरची गृहिणी पडद्यामागे साऱ्या मंडळीचा आचारी झाली! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या दिवशी प्रेक्षकांनी जे पाहिले त्यातील प्रत्येक इंच ह्या गृहिणीच्या हाताखालून गेलेला होता.

परंतु हरिश्चंद्रापूर्वी ह्या घराने आणखी एक चित्रपट काढला होता, आणि शेंदूरजनाघाटच्या माणसाला तो हरिश्चंद्राहूनही जवळचा वाटावा असा आहे. चित्रपटास भांडवल पुरविणारे कोणी मिळावे म्हणून आपली विद्या प्रत्यक्ष दाखविणे फाळक्यांस भाग होते. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, कॅमेरा तिच्यासमोर रोखून ठेवला आणि सुमारे महिनाभर ठराविक अंतराने तिची चित्रे घेतली. तयार झाली ती मिनिटाभराची फीत: दाणा फुगतो, अंकुर वर येतो, पाने उलगडतात, वेल आधार शोधीत चढू लागतो. हीच 'अंकुराची वाढ'. निवडक मंडळींनी ती पाहिली आणि कर्जाऊ पैसा उभा राहिला. भारतीय चित्रपटाचा पाया एका वाटाण्याने घातला असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत हेच दृश्य वर्षानुवर्षे चालू आहे, पण कॅमेऱ्याच्या घाईविना. जंभेरीचे बी पेरावयाचे, रोपाचे खोड पुरेसे जाड होईपर्यंत थांबावयाचे, मग चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा काढून त्या खोडावर बांधावयाचा, आणि तो जगला म्हणजे कलम झाले. जो मनुष्य बियाण्यापासून फळापर्यंत वर्षांचा हिशेब करतो, त्याला महिना मिनिटात आणणाऱ्या त्या फितीचे मोल सांगावे लागणार नाही.

फाळक्यांच्या भिंतीवरील प्रयोगानंतर घरगुती चित्रपट पुष्कळ काळ श्रीमंतांचाच राहिला. त्याला पैशाखेरीज दुसरेही कारण होते. त्या वेळची व्यवसायातील फीत नायट्रेटची असे व ती भयंकर ज्वालाग्राही होती. तिने परदेशांत कित्येक चित्रगृहे भस्मसात केली. असा पदार्थ घरात, मुलाबाळांत, चुलीशेजारी ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. सहज पेट न घेणाऱ्या फितीवर चालणारी लहान यंत्रे १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाते कंपनीने आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या कोडॅक कंपनीने बाजारात आणली, तेव्हा कोठे चित्रपट सुरक्षितपणे दिवाणखान्यात आला. संस्थानिक, मोठे व्यापारी आणि काही हौशी डॉक्टर-वकील ह्यांनी ती येथे आणविली. वऱ्हाडच्या सामान्य रहिवाशाला मात्र ह्याचा वाराही लागला नाही.

त्याच्या वाट्याला आले ते शहरचे चित्रगृह आणि यात्रेतील तंबू. ह्या मुलखाचे चित्रपटव्यवसायातील नाव फार गमतीचे आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा जुना प्रांत १९५० मध्ये नावानिशी संपला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात; परंतु चित्रपटांचे वितरक ह्या भागास 'सी. पी. बेरार' ह्याच नावाने ओळखत राहिले. इतिहासाने पुसलेला प्रांत चित्रपटाच्या वहीखात्यात टिकून राहिला! तर ह्या सी. पी. बेरारातील आणि एकंदर महाराष्ट्रातील फिरत्या तंबूंत जमिनीवर बैठक असे, आणि मध्ये दोरी किंवा कापड लावून पुरुष एकीकडे व बायका दुसरीकडे बसत. जोडपे एकत्र घरून निघे, तंबूच्या दारात वेगळे होई आणि खेळ सुटल्यावर पुन्हा भेटे. दोघांनी एकच चित्रपट पाहिलेला असे; पण नायिकेच्या दुःखाने तिचे डोळे भरले तेव्हा त्याने ते पाहिलेले नसत. थट्टेच्या प्रसंगी तो हसला ते तिला ऐकू आलेले नसे.

आता परातीतील लाह्यांकडे वळू. मराठी घराला लाही शिकवावयास कोणी परदेशातून यावे लागले नाही. विवाहविधीतील लाजाहोमात वधूच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो, वर आपला हात तिच्या ओंजळीस लावतो आणि दोघे मिळून त्या अग्नीत अर्पण करतात. पतिपत्नींनी जोडीने हाताळलेला जवळजवळ पहिला पदार्थ म्हणजे लाही होय! श्रावणात नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे, उपवासाला राजगिऱ्याच्या लाह्यांचा लाडू, आजारातून उठलेल्यास लाह्यांचे हलके पथ्य, असा तिचा वर्षभर संचार असतो. वैशाखातील वऱ्हाडी उन्हाने अंगाची लाही लाही होते असे म्हणतो तेव्हा वऱ्हाडी माणूस अलंकार योजीत नाही. भडभुंज्याच्या तापलेल्या वाळूत दाण्याचे काय होते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

दाणा फुटतो तो त्याच्या पोटातील पाण्यामुळे. मक्याच्या लाहीच्या दाण्यात वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी असते. उष्णतेने त्याची वाफ होते, कठीण साल ती बाहेर जाऊ देत नाही, आणि सुमारे १८० अंश सेल्सिअसला आतील दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट झाला म्हणजे साल हार खाते. आतील मऊ झालेले पिठूळ सत्त्व फुलून बाहेर येते आणि क्षणात घट्ट होते. म्हणूनच फार वाळलेला किंवा साल फुटलेला दाणा गणंग राहतो. ज्वारीची लाही फोडण्यापूर्वी गृहिणी दाण्यावर पाणी शिंपडून तो रात्रभर फडक्यात बांधून ठेवते, त्यातील शास्त्र नेमके हेच. ते तिला कोणत्याही प्रयोगशाळेने सांगितले नव्हते.

मका मात्र आपल्याकडे बाहेरून आला. तो मूळ मेक्सिकोचा, आणि सोळाव्या शतकानंतर समुद्रमार्गाने इकडे पोहोचला. त्याची लाही व चित्रपट ह्यांची सोयरीक अमेरिकेत जमली, तीही आढेवेढे घेत. शिकागोचे चार्ल्स क्रेटर्स ह्यांनी लाह्या फोडण्याचे वाफेचे फिरते यंत्र १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात मांडले. परंतु गालिचे अंथरलेल्या चित्रगृहांना हा कुरकुरीत आणि सांडणारा पदार्थ आत नको होता. पुढे १९२९ नंतरच्या मंदीत सगळ्याच चैनी महाग झाल्या, तेव्हा पाच-दहा सेंटांची लाह्यांची पिशवी हीच लोकांची परवडणारी चैन ठरली आणि ती विकून कित्येक चित्रगृहे तगली. महायुद्धात साखरेची टंचाई झाल्याने मिठाई मागे पडली व लाहीचे आसन पक्के झाले. आपल्याकडील चित्रगृहांत पुष्कळ वर्षे भुईमुगाच्या शेंगा आणि फुटाणेच चालत. कागदी डब्यातील मक्याची लाही बहुपडदा चित्रगृहांबरोबर रुळली, आणि तिची किंमत तिकिटाशी स्पर्धा करू लागली. घरून लाह्या नेण्याची सोयही राहिली नाही. बाहेरचे खाद्य आत आणू न देण्याचा चित्रगृहाच्या मालकास हक्क आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच असेल. परंतु संत्र्याच्या सालीची लाही खात चित्रपट पाहावयाचा तर घराखेरीज दुसरी जागा उरली नाही, हेही खरे.

आणि घर तरी लगेच कोठे मोकळे झाले? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आले, आणि त्या दशकात संच गावोगाव पोहोचले. ज्या घरी संच त्या घरी रविवारच्या चित्रपटास आळीतील वीस-पंचवीस माणसे जमत. पुढे व्हिडिओयंत्र रात्रीपुरते भाड्याने आणून लागोपाठ तीन-चार चित्रपट पाहण्याची प्रथा पडली. त्या रात्रींचे वर्णन लोक आजही मोठ्या आवडीने करतात. बैठकीत पुरुषमंडळी, पुढे जमिनीवर पोरे, दाराशी शेजारणी. आणि त्या घरची गृहिणी? ती चहाच्या आधणापाशी. चित्रपट तिच्याच घरात चालू असे, पण तिला त्याची सुरुवात दिसे आणि शेवट दिसे. मधला भाग ती भिंतीपलीकडून ऐके. सरस्वतीबाईंच्या हातांना निदान एक चित्रपट निर्माण झाल्याचे समाधान होते. ह्या गृहिणीला तर तेही नव्हते, केवळ कपबशा होत्या.

मार्च २०२० मध्ये साथीच्या भयाने चित्रगृहे बंद झाली आणि कित्येक महिने बंदच राहिली, तेव्हा पाहुणे नाहीत, शेजारी नाहीत, अशी परिस्थिती प्रथमच आली. संच किंवा हातातील फोन, आणि समोर घरची दोन माणसे. पुष्कळ घरांत ती सवय साथ ओसरल्यावरही टिकली. लाहीचा एक गुण ह्या ठिकाणी कामास आला, तो असा की ती पाच मिनिटांत होते आणि तिच्यासाठी सुगरण असावे लागत नाही. जाड बुडाचे पातेले, दोन चमचे तेल, बूड झाकेल इतकेच दाणे आणि घट्ट झाकण. एवढे काम संसारात कधी चुलीजवळ न फिरकलेल्या पुरुषासही साधते, आणि अनेकांनी ते आपल्याकडे घेतलेही आहे.

कसब आहे ते स्वादात. ओला मसाला लाहीला मऊ पाडतो, म्हणून जे लावावयाचे ते कोरडे आणि वस्त्रगाळ असले पाहिजे. ठेचा तव्यावर कोरडा होईतो परतून दाण्याच्या कुटाबरोबर बारीक करावा लागतो. जवसाची चटणी मुळातच कोरडी. तिला थोडे तेलाचे बोट पुरते. गुळाची लाही हवी असल्यास पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकल्याबरोबर टणक व्हावा, तोपर्यंत उतरू नये. कच्चा पाक हाताला चिकटतो. शेंदूरजनाघाटला आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी उतरतात, तेव्हा साली वाया न घालविता त्यांच्या आतला पांढरा भाग खरवडून काढावा, कारण कडवटपणा त्यात असतो, आणि साल कडकडीत वाळवून खडीसाखर व चिमूटभर मिठाबरोबर कुटून बरणीत भरावी. मग रात्री पातेल्यातील तडतड मंदावून दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की एकाने ते आचेवरून उतरावे, चमचाभर कोमट तूप सोडून ती पूड वरून भुरभुरावी आणि झाकण दाबून पातेले दोन्ही हातांनी हलवावे. तोवर दुसऱ्याने दिवा मालवून पडदा लावून ठेवलेला असतो.